करंजाखाली उभ्या गाड्या आणि माझ्या पश्चातची व्यवस्था

मी, शालूबाई हंबीरराव साळुंखे, वय वर्षे बहात्तर, धंदा पूर्वी गाड्यांची सीट कव्हरे व हूड शिवणे आणि हल्ली उभ्या गाड्यांचे फोटो काढणे, राहणार इस्लामपूर, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते या कागदावर माझ्या मर्जीने लिहून ठेवते.

फोटो काढणं धंद्यात धरता येत नाही, त्यातून तुम्हाला मिळकत नाही, असं आमचे वकील विश्वजित डांगे म्हणाले. मी म्हटलं, वकीलसाहेब, तुमच्या वडिलांच्या जुन्या लँब्रेटा स्कूटरचा फोटो मी काढला तेव्हा तुम्ही तो मागून नेलात, तो अजून तुमच्या टेबलावर आहे. मग त्यांनी लिहू दिलं.

माझी बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रस्त्यापलीकडची नंबरप्लेट वाचता येते. गुडघे कुरकुरतात, पण मृत्युपत्र गुडघ्याने लिहायचं नसतं. मला कुणी भरीस घातलेलं नाही. घरच्यांनी वेगळंच काही लिहावं म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं, ते मी ऐकून घेतलं आणि चहा केला. यापूर्वी मी अशा कागदावर सही केलेली नाही.

खरं सांगायचं तर घर, मशीन, डाग-दागिने यांचं मी तोंडी सांगितलं असतं तरी भागलं असतं, माझी पोरं तेवढी शहाणी आहेत. घरापुढची मोकळी जागा कुणाकडे जाते, तेवढ्यासाठी हा कागद आहे. पण वकील म्हणतात, एकट्या जागेचं लिहिलं तर बाकीचं लोंबकळत राहील. म्हणून सगळंच लिहिते. जागेचं शेवटी येईल. माझ्या मुलाने, यशराजने, मधली पानं उलटून एकदम तिथं जाऊ नये.

कलम १. मिळकत कशी झाली

माझी सगळी मिळकत स्वकष्टाची आहे, वाडवडिलांची त्यात काडी नाही. माझे मालक हंबीरराव यांचं कुशनचं दुकान होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला गोधडी शिवता येत होती. मालकांनी एक दिवस जीपचा हूड पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "ही बी एक गोधडीच हाय, फकस्त वारं लागतंय हिला." तेव्हापासून मी शिवत आले. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण पुढून गेलेल्या गाड्यांच्या पाठीवरचं वाचून झालं, आणि त्यात आईवडिलांच्या आशीर्वादापासून देवादिकांपर्यंत सगळे विषय येतात.

दुकान चाललं, कारण मालक माप चुकवत नव्हते आणि मी टाका सोडत नव्हते. जागा घेतली ती मालकांनी माझ्या नावावर घेतली. त्यांच्या भावकीला ते आवडलं नाही. एकजण म्हणाला, "हंबीर, बायकूच्या नावावर जागा, मग तुझ्या नावावर काय?" मालक म्हणाले, "माझ्या नावावर बायकू." भावकी परत त्या विषयाला आली नाही.

कलम २. घर व दुकानाची जागा

राहतं दुमजली घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझा मुलगा यशराज याला द्यावं. घराच्या मागे गल्लीच्या अंगाला आमच्या जुन्या दुकानाची जागा आहे, पत्र्याच्या शेडसह, तीही यशराजलाच द्यावी. तिथं त्याला गाळे बांधायचे तर खुशाल बांधावेत. गल्लीवर गिऱ्हाईक येत नाही असं तो म्हणतो. आम्ही चाळीस वर्षं तिथंच बसून खाल्लं, आणि लोक आम्हाला शोधत कडेगावहून यायचे.

यशराज साखर कारखान्यात आहे. गाळपाच्या हंगामात कामावरून येतो तेव्हा अंगाला मळीचा वास असतो आणि डोळे मिटत आलेले असतात. त्याला चार पैसे बसून मिळावेत असं वाटतं, त्यात काही गैर नाही. हे मी मुद्दाम लिहिते, म्हणजे पुढचं वाचून आई आपल्यावर रुसली होती असं त्याने मनात आणू नये.

कलम ३. शिलाई मशीन

माझं मोठं मशीन, कातऱ्या, दाभण, मालकांची लाकडी फूटपट्टी आणि उरलेलं रेक्झिन माझी मुलगी पल्लवी हिला द्यावं. ती साताऱ्याला असते आणि पिशव्या शिवून विकते. तिच्या सासूबाई म्हणतील की घरात एक मशीन असताना हे धूड कशाला. त्यांना सांगावं की ते तीन पदरी रेक्झिन भाकरीसारखं मोडतं. तेल दर आठवड्याला घालावं. पट्टा सैल झाला तर घट्ट करावा, नवा घेण्याची घाई करू नये, तो असाच सैल होतो आणि असाच चालतो.

माझ्या पाटल्या पल्लवीला व बोरमाळ सूनबाई रेश्मा हिला. यावर चर्चा नको.

कलम ४. कॅमेरा आणि फोटो

माझा कॅमेरा, फोन आणि काढलेले सगळे फोटो नात प्रियदर्शनी हिला द्यावेत. ती सांगलीला कॉलेजात आहे आणि फोटोतला उजेड कुठून यावा हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. गाडी कशी बघावी ते मात्र मी लिहून ठेवते, ते ज्याच्या त्याने घ्यावं.

हा नाद लागला तो दुकानामुळे. नवीन कव्हरं घातलेल्या गाडीचा फोटो काढून ठेवायची, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. मालक गेले, दुकान बंद केलं, पण हाताला सवय राहिली. सकाळी दूध आणायला गेले की वाटेत उभ्या गाड्या दिसायच्या. चालत्या गाडीला सगळे बघतात. उभी गाडी मात्र तिच्या माणसासारखी असते. शिक्षकाची गाडी भिंतीला समांतर. नव्या नवरदेवाची सावलीत, भले घर तिथून लांब का असेना. फौजेतून सुट्टीवर आलेल्याची गाडी तोंड रस्त्याकडे करून, कधीही निघायच्या तयारीत. ऊसवाल्याच्या बंपरमध्ये पाचटाची काडी अडकलेली असते, ती तो काढत नाही, कारण उद्या परत अडकणारच. महाबळेश्वरची टॅक्सी लांबून कळते, चाकांच्या आत तांबडी माती आणि डिकीत स्ट्रॉबेरीच्या पेटीचा वास. जतकडची गाडी पांढऱ्या धुळीने ओळखावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढची चाकं. घाईत, घाबऱ्या जिवाने आलेला माणूस चाकं सरळ करत नाही. गाडी जशी आत घुसली तशीच तिरक्या चाकांवर सोडून तो पळतो. अशी गाडी दिसली की मी आधी गॅसवर आधण ठेवते आणि मग कॅमेरा घेते.

फोटोचे माझे नियम सोपे आहेत. गाडीला हात लावायचा नाही. गाडी हलवा म्हणायचं नाही, ती जिथं आहे तिथंच तिचा फोटो. आणि फोटो गाडीच्या मालकालाच द्यायचा, दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही. हा शेवटचा नियम शेजारच्या बाळासोंमुळे करावा लागला, त्याचं पुढे.

कलम ५. शेजारी बाळासो यांस काहीही देत नाही

बाळासो आणि मी बरीच वर्षं बोलत नाही. लोक यात वेगवेगळी कारणं घालतात, म्हणून खरं ते एकदा कागदावर यावं.

बाळासोंनी नवीन आकाशी रंगाची गाडी घेतली होती. एका दुपारी मागच्या आळीत, पत्त्यांचा डाव चालतो त्या बोळाच्या तोंडाशी, ती चिंचेच्या सावलीत उभी होती आणि बॉनेटवर चिंचेची पानं अशी पडली होती की रांगोळी घातल्यागत दिसत होती. मी फोटो काढला आणि कौतुकाने गल्लीच्या ग्रुपवर टाकला. बाळासो त्या दिवशी पतसंस्थेच्या कामाला महाबळेश्वरला गेले आहेत असं त्यांच्या मंडळी हरणाबाई यांची समजूत होती.

संध्याकाळी बाळासो दारात आले. म्हणाले, "वहिनी, तुमी माझ्या संसारात गाडी घातली."

मी म्हटलं, "भावजी, गाडी तुमची, बोळ तुमी निवडला. मी फकस्त ऊन बघून फोटो काढला."

तेव्हापासून ते मला बघून मान फिरवतात. हरणाबाई मात्र दुसऱ्याच दिवशी आल्या, फोटो कागदावर काढून मागितला आणि चौकट करून घरात लावला. जेवताना बाळासोंच्या समोर येईल अशा भिंतीवर. तो फोटो हरणाबाईंचाच राहावा. बाळासोंना माझ्याकडून दुसरं काही देणं लागत नाही. त्यांची गाडी आमच्या जागेत लावायची झाली तर लावू द्यावी.

कलम ६. घरापुढची मोकळी जागा

आता जागेचं. चतुःसीमा अशा: पूर्वेस बाळासोंची भिंत, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस आमचं घर, दक्षिणेस रस्ता आणि रस्त्यापलीकडे दवाखाना. मधोमध करंजाचं झाड. त्याला फुलं आली की खाली उभ्या सगळ्या गाड्यांवर पडतात. त्याखालचा कट्टा आमच्या खिडकीपर्यंत येतो.

दवाखान्याला पुढे गाड्या लावायला जागा नाही. त्यामुळे तो झाला तेव्हापासून लोक आमच्या करंजाखाली गाड्या लावतात. दोन तालुक्यांची दुखणी तिथं येतात, आणि ज्याचं दुखणं आत आहे तो माणूस बाहेर आमच्या कट्ट्यावर येऊन बसतो. यशराज आल्यागेल्याची विचारपूस करणारा आहे. तो विचारायचा, पेशंट कोण, काय झालंय, डॉक्टर काय म्हणाले. चांगल्या मनाने विचारायचा. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण चांगल्या मनाने तेच विचारतो. बसलेल्या माणसाला तेच तेच परत सांगावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ते जरा जास्त खरं होत जातं.

हे मला बिराप्पांमुळे समजलं. बिराप्पा जत तालुक्यातले. घरची मेंढरं होती, आता ज्वारीची शेती. त्यांच्या मंडळी बनाबाई यांना पोटाच्या ऑपरेशनला आणलं होतं. बिराप्पा कट्ट्यावर बसले होते. यशराजने विचारलं, समोरच्या दुकानदाराने विचारलं, दूधवाल्याने विचारलं. दूधवाल्याचं झाल्यावर ते उठले आणि आपल्या जीपमध्ये जाऊन पडदे पाडून बसले. जीपची चाकं तिरकी होती. मी चहा घेऊन गेले. तेवढ्यात हुडावर नजर गेली.

म्हटलं, "पावनं, जीप तुमचीच का?"

पडद्याआडून आवाज आला, "माजीच. काडायची हाय व्हय हितनं?"

"काढू नका. हुडाला हे ठिगळ कशाचं लावलंय तेवढं सांगा."

"घोंगड्याचं."

"जीपच्या हुडाला घोंगडं?"

"ताडपत्री घिऊ म्हणलो. बायकू म्हणली, मेंढरं लोकर घालून पावसात हिंडत्यात, जीपला काय सर्दी व्हतिया."

"मग टाका बी तिचाच?"

"तिचाच. दुसरं कोण घालतंय एवढं."

"भिजल्यावर जड होत असंल."

"व्हतंय की. पन गळत न्हाई. मी म्हणलो, आगं जीप वल्ल्या मेंढीवानी वास मारतिया. तर म्हणली, मग मेंढीवानीच चालवा की, सावकाश."

एवढं बोलून बिराप्पा खाली उतरले. मला ठिगळ नीट दिसावं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी हूड ताणून धरला. मी टाका बघितला. आयुष्यभर हूड शिवलेत, लोकर आणि कॅनव्हास एकत्र धरून ठेवणं काय असतं ते मला कळतं. मी फोटो काढला. मग आम्ही कट्ट्यावर बसलो आणि त्यांनी बनाबाईंचं सगळं दुखणं मला आपणहून सांगितलं, मी एक अक्षर विचारलं नसताना. चहा दोनदा झाला.

बनाबाई बऱ्या होऊन बाहेर आल्या तेव्हा मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "आवं आक्का, माजा सोडून ठिगळाचा फोटू काडलासा व्हय? मग त्या अंगाचं तरी काडायचं, त्ये ह्याच्यापरास सरस हाय." त्या अंगाच्या ठिगळाचाही फोटो काढला. त्यानंतर बनाबाई पुष्कळ वर्षं जगल्या. त्या गेल्या, पण ठिगळं अजून आहेत, बिराप्पांनी हूड बदललेला नाही. दरवर्षी ज्वारी घेऊन येतात आणि जीप करंजाखालीच लावतात.

तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाला मी दुखणं विचारत नाही. गाडी कुणाची, एवढंच विचारते. माणूस गाडीबद्दल बोलायला लागतो, आणि गाडीतून कुठं जायचं ते त्याचं तो ठरवतो. कुणी दुखण्यावर येतो, कुणी येत नाही, कुणी नुसतं ॲव्हरेज सांगतो. चहा सगळ्यांना सारखाच. फोटो मागून घेऊन जातात. एकाने गाडी विकली तरी फोटो पाकिटात ठेवला आहे.

कलम ७. जागेवरून झालेला वाद

यशराजचं म्हणणं असं की या जागेत चार गाळे निघतात. दवाखान्यासमोर औषधाचं दुकान, चहाचं दुकान, कोणीही डोळे झाकून घेईल. त्याचा हिशोब चुकत नाही. आमचं बोलणं असं झालं.

तो म्हणाला, "आई, लोकांच्या गाड्या फुकट उभ्या करायला आपण काय एस. टी. स्टँड हाय का?"

"स्टँडवर च्या कोण देतं?"

"तेच म्हणतोय मी. च्या बी फुकट. आणि तू हायस तवर ठीक हाय. तुझ्या माघारी कोण बघणार ह्ये? गाड्या लागतील, घाण होईल, भांडणं होतील. त्यापरास चार गाळे बरे."

रेश्मा भाकरी करता करता म्हणाली, "आत्या, आजपतोर ह्या करंजाखाली जेवढी साखर गेली ना, तेवढ्यात आपलीबी एक गाडी आली असती उभी ऱ्हायला."

यशराज हसला, मीही हसले. पण त्याने विचारलं ते खरंच होतं. माझ्या माघारी कोण. नुसती मोकळी जागा ठेवून उपयोग नाही, तिथं उठून बाहेर जाणारं माणूस पाहिजे. पल्लवी साताऱ्याला. प्रियदर्शनी शिकून कुठं जाईल सांगता येत नाही. यशराज बाहेर जाईल, पण दुखणं विचारेल, त्याच्या स्वभावाला इलाज नाही. म्हणून मी मनाशी ठरवत आणलं होतं की जागा यशराजला द्यावी, त्याने गाळे बांधावेत, आणि निदान करंज तोडू नये अशी अट घालावी. वकिलांना मी तसं सांगूनही आले होते. त्यांनी तो कागद टाइप केला होता. तो मी फाडायला लावला, त्याचं कारण पुढे.

कलम ८. दिवाळीनंतरचा ताप

दिवाळी झाल्यावर मला ताप आला, सांधे धरले. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली माझी खाट टाकली होती. यशराज कारखान्यावर, गाळप चालू झालं होतं. सकाळी एक गाडी आली. ब्रेक असा लागला की खडी उडून भिंतीला लागली. दार आपटलं, माणूस पळत गेला. काही वेळाने परत आला आणि कट्ट्यावर बसला, हे खिडकीतून श्वासावरून कळत होतं. मला उठायचं होतं. पायाने ऐकलं नाही. रेश्माला हाक मारावी म्हटलं, पण तिच्या कामात ती, आणि तिला हे आवडत नाही, म्हणून गप्प राहिले. मनात आलं, माझ्या माघारी हे असंच होणार. आजपासूनच झालं म्हणायचं.

मग चपलांचा आवाज आला आणि कपबशीचा.

रेश्मा म्हणाली, "दादा, गाडी तुमचीच का?"

"माझ्या सासऱ्याची हाय. काढू का? आडवी लागली काय?"

"नगं नगं. चाकं तिरकी ऱ्हायल्यात, ऱ्हाऊंद्या. गाडी एवढी जुनी, पर आतलं कुशन कसं नव्यागत हाय. कोण ठेवतंय एवढं निगुतीनं?"

बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

"सासराच. चप्पल घालून कुणाला बसू देत न्हाई गाडीत. कलेक्टर आला तरी म्हणल, साहेब, चपला हातात घ्या."

"मग तुमी बी काढून बसता?"

"जावई झालो म्हणून काय सूट न्हाई. आज पयल्यांदा घालून बसलो. त्यास्नी मागं आडवं घातलं, आणि... सगळा चिखुल झालाय आत."

रेश्मा म्हणाली, "मग फडकं देऊ का? त्ये उठून बसले की पयलं त्येच बघतील."

तो माणूस उठला. बादलीचा आवाज आला. रेश्माने पायपोस काढून करंजाच्या बुंध्यावर आपटलेला मी ऐकला. पुसता पुसता तो सासऱ्याबद्दल बोलायला लागला, गाडी कधी घेतली, मुलीला सासरी सोडताना कशी चालवली, आज सकाळी छातीत कळ कशी आली. रेश्मा मधे मधे एवढंच म्हणत होती, "ह्या कोपऱ्यात अजून हाय बघा."

दुपारी ती माझ्यासाठी पेज घेऊन आली. मी विचारलं, "कोण आलतं गं?"

ती म्हणाली, "कोण न्हाई आत्या. गाडी आलती एक."

तिने फोटो काढला नव्हता. तिला तो नाद नाही, आणि नसला तरी चालतं, हे मला त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या समजलं. ताप उतरल्यावर पहिली वकिलांकडे गेले.

कलम ९. जागेची व्यवस्था

सबब, कलम ६ मध्ये चतुःसीमा दिलेली मोकळी जागा, करंजाचं झाड, कट्टा व त्यावर हक्काने बसण्याच्या वहिवाटीसह, माझी सूनबाई रेश्मा यशराज साळुंखे हिला एकटीला, पूर्ण मालकीने द्यावी. नवराबायकोत वाटणी लावली असं लोक म्हणतील. माझ्या मालकांनी जे केलं तेच मी करते आहे, आणि त्याने या घराचं वाईट झालेलं नाही.

वकील म्हणाले, यात अट घाला, की जागा मोकळीच ठेवावी, बांधकाम करू नये, नाहीतर उद्या ती विकेल. मी अट घातलेली नाही. जागा तिची, तिने बांधावी, विकावी, ठेवावी. अट घातली तर बाहेर कुणी कट्ट्यावर बसलेलं दिसल्यावर तिला सासूचा कागद आठवेल. त्या सकाळी तिला कुणाचा कागद आठवला नव्हता.

यशराजला एवढंच सांगणं, की तू विचारलं होतंस माझ्या माघारी कोण. तुझ्याच घरात होती. तू कारखान्यावर होतास, म्हणून तुला दिसलं नाही, आणि मी घरात होते तरी मला कान लावूनच कळलं.

हे कलम रेश्माला आत्ता सांगू नये. ती नको म्हणेल, आणि मग साखरेचा विषय काढेल.

कलम १०. साक्षीदार व अंमलबजावणी

या कागदाची अंमलबजावणी पल्लवीने करावी. ती मशीनसारखीच आहे, पट्टा सैल होतो पण काम पुरं करते.

बिराप्पांना मी बनाबाईंच्या ठिगळाला जोड म्हणून कॅनव्हासचा एक ताका देणार होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये, त्याने शंका निघतात, त्यांना ताका द्या किंवा सही घ्या. बिराप्पा ऐकत उभे होते. म्हणाले, "मग सहीच घ्या आक्का. कॅनव्हास आला की पोरं म्हणतील हूड बदला." म्हणून ताका पल्लवीला जावा.

वरील सगळं मी वाचून घेतलं, वकिलांच्या दोन ओळी मला पटल्या नाहीत त्या खोडल्या, खोडाखोडीवर सही केली. आता खाली करते.

शालूबाई हंबीरराव साळुंखे
(सही)

आमच्यासमोर शालूबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. बिराप्पा, राहणार जत तालुका. (सही)

२. हरणाबाई बाळासो, राहणार शेजारी, इस्लामपूर. (सही. बाळासोंनी चष्मा भिंतीवरून हातात दिला, बोलले नाहीत.)

ठिकाण: इस्लामपूर, करंजाखालील कट्टा. दिनांक १२ फेब्रुवारी २०२४, सकाळ.

सह्या होताना जागेत उभ्या असलेल्या गाड्या, माझ्या सांगण्यावरून नोंद केल्या: बिराप्पांची जीप, दोन्ही ठिगळांसह. महाबळेश्वरची एक टॅक्सी, पुढची चाकं तिरकी. टॅक्सीवाल्याकडे कपबशी घेऊन रेश्मा गेली आहे, आम्ही इथं कशावर सह्या करतोय हे तिने अजून विचारलेलं नाही.